नवपदवीधर परिचारिका आणि रुग्णालयातील पहिली नोकरी : पात्रता, प्रवेशमार्ग आणि पहिल्या वर्षातील प्रश्न

सारांश

परिचर्या अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांना रुग्णालयात पहिली नोकरी मिळविताना नोंदणी, स्पर्धापरीक्षा, अनुभवाची अट, अल्प वेतन आणि सेवाबंध अशा अनेक टप्प्यांतून जावे लागते. प्रस्तुत लेखात महाराष्ट्राच्या संदर्भात या टप्प्यांचे स्वरूप स्पष्ट केले आहे. पहिल्या नोकरीचे मूल्य केवळ वेतनावर ठरविता येत नाही. तेथे मिळणारे मार्गदर्शन आणि त्या अनुभवाची पुढील ग्राह्यता हे दोन निकष तितकेच महत्त्वाचे आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : परिचर्या, अधिपरिचारिका, नोंदणी, अनुभवाची अट, सेवाबंध, रुग्णसुरक्षा

१. प्रस्तावना

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाजवळ दिवसरात्र उपस्थित असणारा प्रशिक्षित व्यावसायिक म्हणजे परिचारिका होय. डॉक्टर ठरावीक वेळी फेरी घेतात, तपासण्या लिहून देतात, उपचाराची दिशा ठरवितात. परंतु लिहून दिलेले औषध योग्य रुग्णाला योग्य वेळी पोहोचले की नाही, रुग्णाचा श्वास जड होऊ लागला आहे काय, शस्त्रक्रियेनंतर लघवीचे प्रमाण घटले आहे काय, या गोष्टी प्रथम परिचारिकेच्याच लक्षात येतात. म्हणूनच नव्याने पदवी घेतलेली परिचारिका कोणत्या रुग्णालयात, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या देखरेखीखाली कामास सुरुवात करते, हा प्रश्न तिच्या उपजीविकेइतकाच रुग्णांच्या सुरक्षिततेशीही निगडित आहे.

महाराष्ट्रात परिचर्या शिक्षणाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांत ग्रामीण व निमशहरी भागांतील मुलींची संख्या लक्षणीय आहे. अनेक कुटुंबांत शिक्षणासाठी कर्ज काढलेले असते, आणि पदवीनंतर लगेच नोकरी मिळेल ही अपेक्षा त्या निर्णयामागे असते. परिचारिकांची सर्वत्र वाण आहे, असे ऐकिवात असते. प्रत्यक्षात मात्र ‘अनुभव असल्यास प्राधान्य’ या एका ओळीपाशी अनेकींची वाट अडते. ही विसंगती का निर्माण होते आणि तिच्यातून मार्ग कसा निघतो, याचे विवेचन करणे हा या लेखाचा उद्देश आहे. लेखात ‘परिचारिका’ ही संज्ञा सोयीसाठी स्त्री व पुरुष अशा दोन्ही पदवीधरांसाठी वापरली आहे.

२. अभ्यासक्रम आणि नोंदणी

परिचर्येच्या शिक्षणाचे मुख्य तीन स्तर आहेत. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम प्रामुख्याने उपकेंद्र व सामुदायिक आरोग्यसेवेसाठी आहे. जी.एन.एम. ही तीन वर्षांची पदविका आणि बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी या दोहोंतून रुग्णालयातील अधिपरिचारिका पदाची पात्रता प्राप्त होते. महाराष्ट्रात पदवी अभ्यासक्रमाची परीक्षा १९९८ साली स्थापन झालेले नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. २०२१ साली अधिसूचित झालेल्या सुधारित अभ्यासक्रमानुसार पदवीचे शिक्षण आठ सत्रांत विभागले असून अखेरच्या सत्रात आंतरवासितेचा समावेश आहे.

पदवी हाती आली म्हणजे व्यवसाय करण्याचा अधिकार मिळाला, असा समज विद्यार्थ्यांत आढळतो. वस्तुतः हा अधिकार नोंदणीमुळे प्राप्त होतो. ‘महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६’ अन्वये महाराष्ट्र परिचर्या परिषद राज्यातील नोंदणीचे काम पाहत आली आहे. नोंदणीनंतर पदवीधर ‘नोंदणीकृत परिचारिका व नोंदणीकृत प्रसाविका’ म्हणून ओळखली जाते. राष्ट्रीय स्तरावर ‘भारतीय परिचर्या परिषद अधिनियम, १९४७’ हा या क्षेत्राचा मूळ कायदा होता. त्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ साली ‘राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग अधिनियम’ संमत केला. या अधिनियमात राष्ट्रीय आयोगाबरोबरच राज्य आयोगांची आणि राष्ट्रीय नोंदवहीचीही तरतूद आहे.

निकाल लागणे आणि नोंदणी प्रमाणपत्र हाती येणे यांमध्ये काही काळ जातो. याच काळात काही छोटी रुग्णालये नवपदवीधरांना ‘शिकाऊ’ म्हणून कामावर घेतात आणि प्रत्यक्षात पूर्ण जबाबदारीचे काम त्यांच्यावर सोपवितात. नोंदणीविना असे काम करताना एखादी चूक घडल्यास तिचे परिणाम त्या पदवीधरालाच सर्वाधिक भोगावे लागतात. त्यामुळे निकालानंतरचे पहिले काम म्हणजे नोंदणीचा अर्ज, ही गोष्ट महाविद्यालयांनी अंतिम वर्षातच विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबविणे अगत्याचे आहे. नोंदणीचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी सातत्यपूर्ण शिक्षणाचे तास नोंदविणे अपेक्षित असते. दुसऱ्या राज्यात नोकरी करावयाची असल्यास आपल्या परिषदेचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि तेथील परिषदेकडील नोंदणी यांची पूर्तता करावी लागते.

३. रुग्णालयीन नोकरीचे प्रवेशमार्ग

रुग्णालयातील पहिल्या नोकरीकडे जाणारे मार्ग स्थूलमानाने चार आहेत.

३.१ राज्य शासन व स्थानिक स्वराज्य संस्था : शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांतील पदे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तर जिल्हा, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांतील पदे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असतात. महानगरपालिकांची रुग्णालये आपली भरती स्वतंत्रपणे करतात. शासकीय पदरचनेत अधिपरिचारिका हे प्रवेशाचे पद असून त्यापुढे परिसेविका, सहाय्यक अधिसेविका व अधिसेविका अशी श्रेणी आहे. सातव्या वेतन आयोगानुसार राज्यात अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये अशी ठरली. अलीकडील भरती संगणकाधारित परीक्षेद्वारे झाली असून तीत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बौद्धिक चाचणी आणि परिचर्याविषयक प्रश्न असतात.

या मार्गातील मुख्य अडचण अनिश्चिततेची आहे. दोन जाहिरातींमध्ये किती काळ जाईल हे सांगता येत नाही. २०२१ साली सार्वजनिक आरोग्य विभागाच्या गट ‘क’ व गट ‘ड’ पदांच्या परीक्षेतील प्रश्नपत्रिका फुटल्या आणि पुढे ती भरतीप्रक्रिया रद्द झाली. तयारीत गेलेला उमेदवारांचा वेळ वाया गेला. केवळ शासकीय भरतीची वाट पाहत घरी बसणाऱ्या पदवीधराचे प्रात्यक्षिक कौशल्य या काळात हळूहळू बोथट होते, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

कागदपत्रांअभावी निवड हातची जाण्याचे प्रसंगही घडतात. अधिवास प्रमाणपत्र, जातीचे व जातवैधता प्रमाणपत्र, उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे वैध मुदतीतील प्रमाणपत्र, संगणक अर्हता आणि २००५ च्या नियमांनुसार द्यावयाचे लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन ही कागदपत्रे जाहिरातीपूर्वीच सिद्ध असणे इष्ट ठरते. जातवैधता प्रमाणपत्रास लागणारा वेळ लक्षात घेता त्याची सुरुवात शिक्षण चालू असतानाच करावी लागते.

३.२ केंद्रीय संस्था : अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था म्हणजेच ‘एम्स’ यांच्यासाठी २०२० पासून ‘नॉर्सेट’ ही सामायिक परीक्षा घेतली जाते. २०२३ पासून ती पूर्व व मुख्य अशा दोन टप्प्यांत होते. महाराष्ट्रातील नागपूर येथील एम्सही या परीक्षेच्या कक्षेत येते. केंद्र शासनाच्या रुग्णालयांत या पदाला २०१६ पासून ‘नर्सिंग ऑफिसर’ असे नाव असून सातव्या वेतन आयोगात त्याचे मूळ वेतन दरमहा ४४,९०० रुपयांपासून सुरू होते. कर्मचारी राज्य विमा महामंडळ, रेल्वे आणि सैन्यदलाची परिचर्या सेवा यांची भरती स्वतंत्रपणे होते. नॉर्सेटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात आणि प्रश्नांचा भर प्रसंगाधारित निर्णयावर असतो. त्यामुळे केवळ व्याख्या पाठ करण्याची सवय येथे पुरेशी ठरत नाही.

३.३ कंत्राटी पदे : राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत जिल्हा रुग्णालयांतील नवजात शिशु कक्ष, प्रसूतिगृहे आदी ठिकाणी कंत्राटी परिचारिका नियुक्त केल्या जातात. आयुष्मान भारत योजनेतील आरोग्य केंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बी.एस्सी. नर्सिंग पदवीधरांनाही संधी मिळाली आहे. परंतु ते काम रुग्णालयाबाहेरचे आहे. कंत्राटी सेवेत स्थैर्य नसते. तथापि नवजात शिशु कक्षासारख्या विशेष विभागातील अनुभव पुढील नोकरीत उपयोगी पडतो.

३.४ खासगी व विश्वस्त रुग्णालये : बहुसंख्य नवपदवीधरांची पहिली नोकरी याच क्षेत्रात होते. या क्षेत्रातही शेकडो खाटांची विशेषोपचार रुग्णालये, धर्मादाय न्यासांची रुग्णालये, मध्यम आकाराची रुग्णालये आणि तालुक्याच्या गावातील दहा-वीस खाटांची शुश्रूषागृहे असे विविध प्रकार आहेत. यांपैकी कोठे सुरुवात केली यावर पुढील बरेच काही अवलंबून असते.

४. अनुभवाच्या अटीचे कोडे

अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, ही तक्रार बहुतेक व्यवसायांत ऐकू येते. परिचर्येच्या क्षेत्रात मात्र तिची कारणे अधिक स्पष्टपणे सांगता येतात.

पहिले कारण प्रशिक्षणाच्या खर्चाचे आहे. नवीन परिचारिका स्वतंत्रपणे रुग्णांचा भार उचलू लागेपर्यंत काही आठवडे वा महिने जातात. या काळात रुग्णालयाला तिचे वेतन द्यावे लागते आणि तिच्यासोबत एका अनुभवी परिचारिकेचा वेळही खर्ची पडतो. रुग्णालयांच्या गुणवत्ता मानांकनासाठीही नव्या कर्मचाऱ्यांचे परिचय-प्रशिक्षण व कौशल्यपडताळणी यांची नोंद ठेवावी लागते. दुसरे कारण म्हणजे, शिकून तयार झालेली परिचारिका वर्ष-दोन वर्षांत मोठ्या शहरात, शासकीय सेवेत वा परदेशात जाते. आखाती देशांतील अनेक नोकऱ्यांसाठी सुमारे दोन वर्षांच्या अनुभवाची अपेक्षा असते. त्यामुळे पहिली नोकरी ही त्या प्रवासातील एक थांबा ठरते. तिसरे कारण मनुष्यबळाच्या तुटवड्याचे आहे. ज्या कक्षात पाळीला दोनच परिचारिका आहेत, तेथे नवागताला शिकविण्यास कोणालाही उसंत नसते. म्हणजेच ज्या तुटवड्यामुळे नवीन परिचारिकेची गरज निर्माण होते, त्याच तुटवड्यामुळे तिला सामावून घेणे अवघड होते.

या कोंडीत छोटी शुश्रूषागृहे नवपदवीधरांना तत्काळ नोकरी देतात. तेथे निरनिराळ्या प्रकारचे काम करावयास मिळते, घर जवळ असते, राहण्याचा खर्च वाचतो. परंतु एक बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. एम्सच्या परीक्षेसाठी पदवीधरास अनुभवाची अट नसली तरी पदविकाधारकास किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव आवश्यक असतो. उदाहरणादाखल, एखाद्या जी.एन.एम. उत्तीर्ण मुलीने तालुक्याच्या गावातील १५ खाटांच्या शुश्रूषागृहात तीन वर्षे प्रामाणिकपणे काम केले, तरी त्या परीक्षेपुरता तिचा अनुभव शून्यच धरला जाईल. याउलट ५० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात दोन वर्षे काम केलेली तिची सहाध्यायी पात्र ठरेल. कामाचे मोल आणि अनुभवाची ग्राह्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे पहिली नोकरी स्वीकारतानाच समजून घ्यावे लागते. तसेच अनुभव प्रमाणपत्रावर रुग्णालयाची नोंदणी, खाटांची संख्या, पद, विभाग आणि सेवेच्या नेमक्या तारखा यांचा उल्लेख करून घेणे हिताचे ठरते.

आंतरवासितेतील काम हाही एक प्रकारचा अनुभवच आहे. मात्र तो सांगण्याची रीत विद्यार्थ्यांना शिकविली जात नाही. ‘सर्व विभागांत काम केले’ असे अर्जात लिहिल्याने निवड करणाऱ्या अधिसेविकेला काहीच बोध होत नाही. कोणत्या विभागात किती आठवडे, किती खाटांच्या कक्षात, कोणत्या प्रक्रिया स्वतः केल्या आणि कोणत्या केवळ पाहिल्या, याची प्रात्यक्षिक नोंदवहीवर आधारित एक पानाची माहिती अर्जासोबत जोडल्यास उमेदवाराची खरी तयारी स्पष्ट होते. पाहिलेल्या प्रक्रियेला केलेली प्रक्रिया म्हणणे मात्र धोक्याचे आहे. कारण त्या विधानावर विसंबून पहिल्याच रात्रपाळीत ते काम तिच्यावर सोपविले जाऊ शकते.

५. निवडीची चाचणी व मुलाखत

खासगी रुग्णालयांत सामान्यतः लेखी चाचणी, प्रात्यक्षिक आणि अधिसेविकेची मुलाखत असे टप्पे असतात. त्यांत विचारले जाणारे प्रश्न मूलभूत असतात. तथापि त्यांतूनच उमेदवाराच्या हाती रुग्ण किती सुरक्षित राहील याचा अंदाज घेतला जातो.

औषधमात्रेची गणिते हा यांतील महत्त्वाचा भाग होय. ५०० मिलिलीटर सलाईन चार तासांत द्यावयाचे आहे आणि संचातून एका मिलिलीटरला २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब ठेवावेत, असा प्रश्न विचारला जातो. एकूण १०,००० थेंब २४० मिनिटांत विभागले असता उत्तर सुमारे ४२ येते. सूत्र पाठ असूनही तासांचे मिनिटांत रूपांतर करण्यास विसरणारे उमेदवार येथे चुकतात.

दुसरे उदाहरण इन्सुलिनचे. भारतात एका मिलिलीटरमध्ये ४० एकके असलेल्या आणि १०० एकके असलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या कुप्या मिळतात, व त्यांच्या सिरिंजही वेगवेगळ्या असतात. १०० एककांच्या कुपीतील इन्सुलिन ४० एककांच्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरल्यास रुग्णाला १० ऐवजी २५ एकके मिळतात आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. कुपीवरील आकडा आणि सिरिंजवरील आकडा ताडून पाहण्याची सवय उमेदवारास आहे काय, हे अशा प्रश्नातून कळते.

यांशिवाय हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनातील ३० दाब व २ श्वास हे प्रमाण, हात धुण्याचे प्रसंग, २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळा, लाल, पांढरा व निळा या रंगांच्या पात्रांचा वापर, रक्त चढविताना घ्यावयाची दक्षता आणि पाळी बदलताना रुग्णाची माहिती सुपूर्द करण्याची पद्धत यांवर प्रश्न असतात. उत्तर ठाऊक नसल्यास ‘वरिष्ठांना विचारून करीन’ असे सांगणारा उमेदवार हा अंदाजाने उत्तर देणाऱ्यापेक्षा अधिक सुरक्षित मानला जातो. परिचर्येत न विचारता केलेले धाडस हा गुण नव्हे, ही जाणीव येथे तपासली जाते.

६. नियुक्तिपत्र, वेतन आणि सेवाबंध

खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या अल्प वेतनाचा प्रश्न जुना आहे. २०११-१२ च्या सुमारास मुंबई, दिल्ली व केरळ येथील खासगी रुग्णालयांत परिचारिकांनी संप केले आणि वेतन, कामाचे तास व सेवाबंध हे विषय सार्वजनिक चर्चेत आले. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी दिलेल्या निर्देशानुसार केंद्र शासनाने समिती नेमली. समितीने केलेल्या शिफारशी पुढीलप्रमाणे होत्या : २०० हून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य शासनाच्या समकक्ष पदाइतके वेतन असावे, १०० हून अधिक खाटा असल्यास ते शासकीय वेतनापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी नसावे, ५० ते १०० खाटांसाठी ही तफावत २५ टक्क्यांपर्यंत असावी, आणि ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही वेतन दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी नसावे. या शिफारशींना स्वतः कायद्याचे बळ नव्हते. त्यांच्या अंमलबजावणीसाठी राज्यांनी कायदा अथवा मार्गदर्शक सूचना करावयाच्या होत्या. केरळ राज्याने २०१८ साली किमान वेतनाची अधिसूचना काढून २०,००० रुपयांचा किमान स्तर निश्चित केला. महाराष्ट्रातील नवपदवीधरास या आकड्यांचा उपयोग एक मोजपट्टी म्हणून निश्चित करता येतो.

वेतनाचा आकडा पाहताना हाती येणारी रक्कम, भविष्यनिर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा, वसतिगृहाचे व भोजनाचे शुल्क आणि गणवेशाची कपात यांचा एकत्र विचार करावा लागतो. शहरातील रुग्णालयाचे वेतन मोठे दिसले तरी निवासाचा खर्च वजा जाता गावाजवळील नोकरीइतकेच उरते, असेही घडते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या श्रमसंहितांनी कर्मचाऱ्यास लेखी नियुक्तिपत्र देण्यावर भर दिला आहे. तोंडी आश्वासनावर कामास सुरुवात केल्यास पुढे अनुभव प्रमाणपत्र मिळविणेही कठीण होते.

सेवाबंधाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ठरावीक काळापूर्वी नोकरी सोडल्यास विशिष्ट रक्कम भरावी लागेल, अशी अट अनेक रुग्णालये घालतात. असा प्रत्येक करार आपोआप अवैध ठरतो, हा समज बरोबर नाही. सार्वजनिक क्षेत्रातील एका बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये सेवाकाळातील असा बंध व्यवसायस्वातंत्र्यावरील निर्बंध ठरत नाही, असा निर्णय दिला. तथापि भारतीय संविदा अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारभंगाची भरपाई ही करारात लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत आणि वाजवीच असावी लागते. स्वाक्षरी करण्यापूर्वी बंधाचा काळ किती, रक्कम किती, काळ जाईल तशी ती घटते काय, आणि रुग्णालय त्याबदल्यात कोणते प्रशिक्षण देणार आहे, हे चार प्रश्न विचारले पाहिजेत. मूळ प्रमाणपत्रे रुग्णालयाच्या ताब्यात देण्याची मागणी मात्र मान्य करू नये. पडताळणीसाठी मूळ प्रती दाखवून साक्षांकित प्रती देणे पुरेसे असते. मूळ प्रमाणपत्रे अडकून पडल्यास शासकीय सेवेतील कागदपत्र पडताळणीची तारीख हुकण्याचा धोका असतो, आणि ते नुकसान बंधाच्या रकमेहून कितीतरी मोठे असते.

७. पहिले वर्ष : विद्यार्थिदशेकडून जबाबदारीकडे

अमेरिकन परिचर्यातज्ज्ञ मार्लिन क्रेमर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नवपदवीधर परिचारिकांच्या अनुभवाला ‘वास्तवाचा धक्का’ अशा अर्थाची संज्ञा योजली. महाविद्यालयात शिकविलेली आदर्श परिचर्या आणि रुग्णालयातील घाईचे काम यांतील अंतर पाहून नवागत परिचारिका गोंधळते, निराश होते व कधीकधी व्यवसायच सोडते, असे त्यांचे निरीक्षण होते. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली परिचारिकेच्या कौशल्यविकासाचे पाच टप्पे मांडले : नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. या मांडणीनुसार नवपदवीधर ही साधारणतः दुसऱ्या टप्प्यावर असते. तिला नियम ठाऊक असतात. परंतु एकाच वेळी घडणाऱ्या अनेक गोष्टींपैकी तातडीची कोणती, हे ओळखण्याची दृष्टी प्रत्यक्ष अनुभवातूनच येते.

महाराष्ट्रातील परिस्थितीत या संक्रमणाला आणखी काही पदर आहेत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे व सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका अपेक्षित असते. प्रत्यक्षात कक्षांतील भार पुष्कळदा याहून अधिक असतो. शिक्षण व नोंदी इंग्रजीत, तर रुग्ण मात्र वऱ्हाडी, अहिराणी वा मालवणी बोलणारा, अशी स्थिती असते. ‘जीव घाबरा होतो’ ही रुग्णाची तक्रार कधी मनाच्या अस्वस्थतेची असते, तर कधी हृदयविकाराची पहिली सूचना असते. ती ऐकून नाडी, रक्तदाब व प्राणवायूची पातळी तपासणे आणि डॉक्टरांना नेमक्या शब्दांत कळविणे, हे कौशल्य पाठ्यपुस्तकातून पूर्णतः साधत नाही.

संसर्गाचा धोका हाही पहिल्या वर्षातील गंभीर प्रश्न आहे. वापरलेली सुई टोचण्याचे प्रसंग घाईत व थकव्यात घडतात. कावीळ ‘ब’ प्रतिबंधक लस नोकरीपूर्वीच पूर्ण केलेली असावी. सुई टोचल्यास जागा साबण व पाण्याने धुऊन घटना तत्काळ कळविणे आवश्यक असते. एचआयव्ही प्रतिबंधक औषधोपचार शक्य तितक्या लवकर आणि ७२ तासांच्या आत सुरू करावा लागतो. ओरडा बसेल या भीतीने नवागत परिचारिका ही घटना लपविते, तेव्हा तिचे आयुष्यच पणाला लागते. घटना कळविणाऱ्याला दोष न देण्याची रीत ज्या रुग्णालयात आहे, तेथे नवागत अधिक सुरक्षित असते. १० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत लैंगिक छळ प्रतिबंधासाठी २०१३ च्या अधिनियमानुसार अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेने त्या समितीची माहिती रुजू होतानाच करून घ्यावी.

८. पहिल्या नोकरीच्या निवडीचे निकष

वरील विवेचनावरून नवपदवीधरास पहिली नोकरी निवडताना उपयोगी पडतील असे काही निकष मांडता येतात.

(अ) मार्गदर्शन : पहिले किती आठवडे अनुभवी परिचारिकेसोबत काम करावयाचे आहे आणि स्वतंत्र रात्रपाळी केव्हा दिली जाणार आहे, हे मुलाखतीतच विचारावे. अतिदक्षता विभागात पहिल्याच आठवड्यात एकटीला रात्रपाळी देणारे रुग्णालय अधिक वेतन देत असले तरी ती नोकरी स्वीकारण्याजोगी नव्हे.

(आ) ग्राह्यता : रुग्णालयाच्या खाटांची संख्या आणि मिळणारे अनुभव प्रमाणपत्र पुढील परीक्षांसाठी मान्य होईल काय, हे पाहावे.

(इ) विभाग : पहिल्या वर्षी सर्वसाधारण वैद्यकीय वा शल्यकक्षात काम केल्याने निरीक्षण, औषधव्यवस्थापन व वेळेचे नियोजन यांचा पाया पक्का होतो. थेट अतिदक्षता विभागात नियुक्ती मिळाल्यास तेथे पद्धतशीर प्रशिक्षण आहे याची खात्री करावी.

(ई) अटी : वेतन, सुट्या, कामाचे तास आणि सेवाबंध यांचा लेखी उल्लेख असावा.

(उ) अभ्यासास अवकाश : शासकीय परीक्षांची तयारी करावयाची असल्यास पाळ्यांचे वेळापत्रक आगाऊ मिळते काय, हा प्रश्न गौण नाही. काम करीत केलेली तयारी घरी बसून केलेल्या तयारीपेक्षा मंद असली, तरी तिच्यामुळे प्रसंगाधारित प्रश्न सोडविण्याची क्षमता वाढते.

हे सर्व निकष एकाच नोकरीत पूर्ण होणे क्वचितच घडते. घरची आर्थिक स्थिती बिकट असल्यास जवळच्या शुश्रूषागृहातील नोकरी नाकारणे शक्य होत नाही. अशा वेळी ती नोकरी किती काळ करावयाची हे प्रारंभीच ठरवून, त्या काळात मोठ्या रुग्णालयांत अर्ज करीत राहणे आणि दीर्घ सेवाबंध टाळणे, हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

९. समारोप

नवपदवीधर परिचारिकेची पहिली नोकरी हा केवळ तिच्या वैयक्तिक प्रयत्नांचा विषय नाही. महाविद्यालयांनी अंतिम सत्रात नोंदणी, कागदपत्रे, अर्जलेखन, औषधमात्रेची गणिते आणि नियुक्तिपत्राचे वाचन यांसाठी काही तास राखून ठेवल्यास विद्यार्थ्यांची बरीच फरफट टळू शकेल. माजी विद्यार्थिनींकडून प्रत्येक रुग्णालयातील प्रशिक्षणाची व अटींची माहिती संकलित करून ती पुढील तुकडीस उपलब्ध करून देणे हे कोणत्याही महाविद्यालयास अल्प खर्चात करता येण्याजोगे काम आहे. रुग्णालयांनीही सेवाबंधाने परिचारिकेस बांधून ठेवण्याऐवजी पहिल्या सहा महिन्यांत तिला नियमित मार्गदर्शन दिल्यास तिचे टिकून राहणे अधिक संभवते. शासनाने भरतीचे वेळापत्रक निश्चित ठेवल्यास हजारो पदवीधरांची अनिश्चित प्रतीक्षा संपेल.

परिचर्येत पहिल्या वर्षी लागलेल्या सवयी दीर्घकाळ टिकतात. कुपीवरील आकडा दोनदा वाचण्याची सवय जिला पहिल्या कक्षातील परिसेविकेने लावली, ती पुढे कोणत्याही रुग्णालयात गेली तरी तो आकडा दोनदा वाचतेच. ज्या कक्षात ही सवय लावण्यास कोणालाही वेळ नव्हता, तेथून निघालेल्या परिचारिकेला ती स्वतःच्या चुकीतून शिकावी लागते आणि त्या चुकीची किंमत रुग्णाला मोजावी लागते. म्हणून नवपदवीधरांना पहिली नोकरी कशी मिळते आणि तेथे त्यांना कोण शिकविते, याकडे शिक्षणसंस्था, रुग्णालये व शासन या तिघांनीही आपापली जबाबदारी म्हणून पाहणे आवश्यक आहे.